तीन मीटरमध्ये चार माणसं

सुबारू ३६० या गाडीचं छप्पर पत्र्याचं नसतं, फायबरचं असतं. जुनी गाडी बघायला जाताना मी खिशात लोहचुंबक ठेवतो. सडलेला भाग झाकून वर कुणी लांबी (पुट्टी) भरली असेल, तर तिथे तो धरत नाही. या गाडीच्या दारांना, मडगार्डना, पुढच्या गोल नाकाला तो टचकन चिकटला आणि छपरावर ठेवला तसा घसरत खाली आला. विकणाऱ्या आजोबांनी तो वरच्या वर झेलला आणि मला परत देत म्हणाले, "वरचं ओझं कमी केलंय. या गाडीत ग्रॅमा-ग्रॅमाचा हिशेब आहे."

मी जपानच्या गुन्मा प्रांतात राहतो. टोकियोच्या वायव्येला, डोंगर सुरू होतात तिथे. इथल्या ओता शहरात सुबारूचा कारखाना आहे आणि आजूबाजूला त्याला सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान-मोठे कारखाने. त्यातल्याच एकात मी डिझाइनचं काम करतो. आजोबा शेजारच्या इसेसाकीचे. इसेसाकी हे रेशमी विणकामाचं जुनं गाव. इथलं 'मेइसेन' कापड एके काळी जपानभर जायचं. आजोबांच्या घरी माग होते. मी इचलकरंजीचा, माझ्या कानात लहानपणापासून मागांचा खडखडाट बसलेला. ते कळल्यावर आजोबांनी गाडी बाजूला ठेवून आधी मला त्यांच्या कोठारातला जुना धोटा दाखवला. गाडीचा विषय चहानंतर निघाला.

गाडी १९६२ सालची. त्यांच्या वडिलांनी नवीकोरी घेतलेली. त्या काळी जपानमध्ये ३६० सीसीपर्यंतच्या गाड्यांसाठी वेगळं लायसन्स होतं आणि ते सोळाव्या वर्षी मिळायचं. आजोबांनी ते काढलं आणि कापडाचे गठ्ठे पोचवण्याचं काम त्यांच्याकडे आलं. पुढे माग बंद झाले, दुसऱ्या गाड्या आल्या, गेल्या. ही मात्र कोठारात राहिली आणि वेळच्या वेळी सरकारी तपासणीला जाऊन पास होऊन येत राहिली. आता वयामुळे त्यांनी आपलं लायसन्स पोलिसांकडे परत केलं. इथे बरेच वयस्क लोक आपणहून तसं करतात. गाडी विकायचं कारण तेवढंच.

मी पैशांचं विचारण्याआधी त्यांनीच मला विचारलं, "घरी किती माणसं?"

मी म्हटलं, "दोघं. पण आई-वडील येऊन-जाऊन असतात."

"मग चार," ते म्हणाले आणि मान डोलावली.

या गाडीच्या जन्मातच तो आकडा आहे, हे मला पुढे तिच्याबद्दल वाचताना समजलं.

सुबारू ही तेव्हाच्या फुजी हेवी इंडस्ट्रीजची गाडी आणि फुजी हेवी म्हणजे युद्धाआधीच्या नाकाजिमा विमान कंपनीचे तुकडे पुन्हा एकत्र येऊन बनलेली कंपनी. १९४५ नंतर जपानला विमानं बनवायला बंदी झाली, नाकाजिमाची शकलं झाली आणि विमानं बनवणाऱ्या हातांनी स्कूटर, बसच्या बॉडी असं जे मिळेल ते काम केलं. १९४६ मध्ये त्यांची 'रॅबिट' स्कूटर निघाली. तिच्या पहिल्या नमुन्यांना बॉम्बर विमानाचं शेपटाकडचं चाक लावलं होतं, कारण गोदामात तेच शिल्लक होतं. १९५३ मध्ये फुजी हेवी स्थापन झाली. सुबारूच्या बिल्ल्यावर कृत्तिकांचा जो झुबका दिसतो, तो या एकत्र आलेल्या कंपन्यांचा.

मोमोसे शिनरोकु हे नाकाजिमातलेच इंजिनिअर, विमानाच्या इंजिनांवर काम केलेले. त्यांनी आधी दीड लिटर इंजिनाची एक पूर्ण आकाराची मोटार तयार केली होती. तिच्या जेमतेम वीस गाड्या बनल्या. भांडवल नसल्यामुळे कंपनीनं तो बेत गुंडाळला आणि ती कधी विक्रीला आलीच नाही. एवढं काम वाया गेल्यावर दुसरा कुणी खचला असता. मोमोसे त्याच मंडळींना घेऊन इसेसाकीच्या कारखान्यात छोट्या गाडीच्या मागे लागले.

छोट्या गाडीचे नियम सरकारनं घालून दिलेले होते. इंजिन ३६० सीसीच्या आत, लांबी तीन मीटर, रुंदी एक मीटर तीस सेंटीमीटर. या चौकटीत बसली तर कर कमी, लायसन्स सोपं. १९५५ मध्ये व्यापार आणि उद्योग मंत्रालयाची एक 'लोकांची गाडी' योजनाही चर्चेत आली होती. चार माणसं, ताशी शंभर किलोमीटर, लिटरला तीस किलोमीटर आणि किंमत अडीच लाख येनच्या आत. बहुतेक कंपन्यांना हे अशक्य वाटलं. तोवर त्या चौकटीत ज्या गाड्या निघाल्या होत्या, त्या दोन माणसांच्या, किंवा दोन माणसं आणि मागे कसंबसं एखादं मूल अशा.

मोमोसेंनी सुरुवात इंजिनापासून केली नाही, चार मोठ्या माणसांपासून केली. चार माणसं बसवायची, त्यांचे पाय, गुडघे, खांदे, डोकी मावली पाहिजेत आणि मग जी जागा उरेल तिच्यात गाडी. ड्रॉइंग बोर्डासमोर दिवस काढणारा माणूस म्हणून सांगतो, हा क्रम ठेवणं फार कठीण असतं. पहिली अडचण आली की सगळ्यात आधी माणसाची जागा कापली जाते. पाच सेंटीमीटर इकडे, तीन तिकडे. कागदावर ते दिसतही नाही. मोमोसेंनी ती जागा कापू दिली नाही, आणि गाडीतली बाकीची प्रत्येक गोष्ट त्या हट्टातून निघाली.

इंजिन मागे गेलं, कारण पुढे ठेवलं तर पाय कुठे ठेवणार, आणि मधून शाफ्ट नेला तर पायाखालचा उंचवटा आणखी जागा खाणार. चाकं दहा इंची केली, कारण मोठ्या चाकांच्या कमानी माणसांच्या पायात आल्या असत्या. पण मोटारगाडीला चालेल असं दहा इंची टायर तेव्हा जपानमध्ये बनतच नव्हतं. ते ब्रिजस्टोनकडून खास तयार करून घेतलं. सस्पेन्शनला टॉर्शन बार घेतले. पिळल्यावर परत सुटणारी पोलादी कांब ती, गाडीच्या पोटाखाली आडवी पडून राहते आणि उंची खात नाही. वेगळी चासी नाही. विमानासारखं कवचच सगळा भार पेलतं. पत्रा नेहमीच्या मोटारीपेक्षा पातळ, ०.६ मिलिमीटरचा, आणि पातळ पत्र्याला ताकद यावी म्हणून गाडीभर कुठे सपाट जागा ठेवली नाही, सगळीकडे बाक. लोकांना ती गुबगुबीत आणि गोंडस वाटते. जपानमध्ये तिला लाडानं ठिपक्यांच्या लाल किड्याचं नाव मिळालं. ससाकी तात्सुझो यांनी तिचं रूप घडवलं हे खरंच, पण त्या गोलाव्यामागे पत्र्याचं गणितही आहे. छप्पर फायबरचं. गाडीचं एकूण वजन ३८५ किलो.

मार्च १९५८ मध्ये ती बाहेर पडली. दोन सिलेंडरचं, हवेनं थंड होणारं, टू-स्ट्रोक, ३५६ सीसीचं इंजिन, १६ हॉर्सपॉवर. सर्वाधिक वेग ताशी ८३ किलोमीटर. किंमत ४ लाख २५ हजार येन. मंत्रालयाच्या अडीच लाखांत ती बसली नाही आणि ताशी शंभरही गाठू शकली नाही. पदवी घेऊन नोकरीला लागलेल्या मुलाचा पगार तेव्हा महिन्याला तेरा हजार येनच्या आसपास होता, म्हणजे जवळजवळ पावणेतीन वर्षांचा पूर्ण पगार. तरीही ती खपली. १९७१ पर्यंत तिच्या ३ लाख ९० हजारांहून जास्त गाड्या बनल्या.

१९६० मध्ये हिरोशिमाच्या माझ्दानं आर ३६० कूपे ही गाडी तीन लाख येनला आणली आणि लोकांच्या उड्या पडल्या. दिसायला देखणी, इंजिन फोर-स्ट्रोक, आवाज मऊ. मी एका मेळाव्यात तिच्यात बसलो आहे. पुढच्या दोघांसाठी ती झकास गाडी आहे. पण मागची सीट लहान मुलांपुरती. मोठ्या माणसाला तिथे मान वाकवून बसावं लागतं. कमी पैशांत गाडी देण्यासाठी त्यांनी ते मान्य केलं आणि त्यांच्या जागी ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण गाडी निवडायची वेळ आली तेव्हा माझं मन सुबारूकडेच गेलं ते या मागच्या सीटमुळे.

खरेदीचा व्यवहार इतर कोणत्याही जुन्या गाडीसारखाच झाला, पण एक गोष्ट सांगायला हवी. या गाडीची नंबरप्लेट. आताच्या छोट्या गाड्यांना पिवळी, मोठी प्लेट असते. ३६० सीसीच्या जमान्यात ती लहान होती, पांढऱ्यावर हिरवे आकडे. गाडीची नोंदणी एकदा रद्द झाली किंवा गाडी दुसऱ्या प्रांतात गेली, की ती लहान प्लेट जाते आणि कितीही पैसे मोजले तरी परत मिळत नाही. ही गाडी कायम गुन्मातच होती, कागद कधी लॅप्स झाले नव्हते आणि मीही गुन्माचाच रहिवासी. त्यामुळे प्लेट राहिली. टोकियोतल्या कुणी तरी माझ्यापेक्षा जास्त पैसे देऊ केले होते, असं आजोबांच्या सूनबाईंनी नंतर सांगितलं. आजोबांनी नकार दिला. प्लेट गेली असती म्हणून.

त्यांनी गाडीबरोबर एक लाकडी खोकं दिलं. त्यात वरच्या कप्प्यात तपासणीचे जुने कागद, प्लगचे डबे, पॉइंट्सचा एक सेट मेणकागदात गुंडाळलेला, आणि खाली एक वही. प्रत्येक वेळी काय बदललं, कधी बदललं, कितीला मिळालं. पहिली पानं त्यांच्या वडिलांच्या अक्षरात. १९७३ पासून छोट्या गाड्यांनाही तपासणी सक्तीची झाली. तिथून नोंदी नेटक्या होत जातात. मला जपानी वाचता येतं, पण हाताचं जुनं वळण लागत नाही. ते मी आजोबांकडे बसून समजून घेतलं. एका पानावर फक्त 'अकागी, चौघे, गरम झाली नाही' एवढंच लिहिलंय.

अकागी म्हणजे आमच्या प्रांताचा डोंगर. माएबाशीच्या डोक्यावर उभा असलेला ज्वालामुखी, वर ओनुमा नावाचं तळं. हिवाळ्यात त्याच्यावरून कोरडं, बोचरं वारं खाली येतं आणि आठवडे-आठवडे थांबत नाही. मोमोसेंच्या माणसांनी नमुन्याच्या गाड्या याच डोंगरावर तपासल्या होत्या, चार माणसं बसवून. सुरुवातीला इंजिन तापून दगा द्यायचं. पुन्हा खाली, पुन्हा दुरुस्ती, पुन्हा वर. हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाचा खरा कस चढावर लागतो. वेग कमी, भार जास्त आणि वारा मिळतो तो फक्त पंख्याचा. मोकळ्या गाडीनं तो घाट चढून दाखवणं सोपं होतं. चौघांना घेऊन चढणं हीच परीक्षा होती.

रस्तेही तेव्हा कसले होते! १९५६ मध्ये वॉटकिन्स नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाच्या पथकानं जपानच्या रस्त्यांची पाहणी केली, तेव्हा पहिल्या दर्जाच्या राष्ट्रीय महामार्गांपैकी ७७ टक्के कच्चे निघाले. आजच्या जपानचे गुळगुळीत रस्ते बघताना हे खरं वाटत नाही. पण गाडी खड्ड्यात घातली की पटतं. इतक्या हलक्या गाडीचं सस्पेन्शन इतकं मऊ कसं, असं मला सुरुवातीला वाटायचं. ती डांबरासाठी बनलेलीच नव्हती. मातीच्या, चाकोऱ्या पडलेल्या रस्त्यावर चौघांची हाडं खिळखिळी होऊ नयेत म्हणून ती तशी आहे.

आता रोजच्या गोष्टी.

१९६४ नंतरच्या गाड्यांना ऑइलची वेगळी टाकी आली. माझी त्याआधीची, म्हणजे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. टाकीचं तोंड मागे, इंजिनाच्या झाकणाखाली. हल्ली इथे बऱ्याच पेट्रोल पंपांवर आपणच पेट्रोल भरायचं असतं. मी झाकण उघडतो, आधी मोजलेलं टू-टी ऑइल ओततो आणि त्यावर पेट्रोल सोडतो, म्हणजे धारेनं ते आपोआप ढवळलं जातं. आपल्याकडे पंपावर स्कूटरसाठी ऑइलचा तो हातानं दाबायचा पंप असायचा, काचेत लाल-निळं ऑइल चढताना दिसायचं. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना हा वास वेगळा सांगावा लागणार नाही. इथल्या तरुण पोरांना मात्र हे सगळं नवीन. गाडी चालू केली की मागे निळसर धूर आणि ती टणटणीत रिंग-टिंग-टिंग. थंड इंजिनाला चोक ओढून, थोडा वेळ देऊन, मगच निघायचं.

गिअर तीनच. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. पुढच्या चाकांच्या कमानी आत येतात म्हणून पेडल किंचित मधल्या बाजूला सरकलेले, म्हणजे स्टिअरिंग सरळ समोर आणि पाय जरा तिरके. सवय होते. महामार्गावर मी ती नेत नाही. छोट्या गाड्यांना तिथे २००० सालापर्यंत ताशी ऐंशीचीच मर्यादा होती आणि ही त्याच काळातली. पण आजचा ट्रक शेजारून गेला की ३८५ किलोची गाडी अख्खी बाजूला सरकते. शेतांमधले, नदीकाठचे, गावांतून जाणारे रस्ते तिचे. तिथे ताशी पन्नासवर ती इतकी खुशीत पळते की गाडी चालवणं हे काम आहे असं वाटतच नाही.

आई आणि अण्णा आले ते एप्रिलमध्ये, साकुरा संपता संपता. अण्णा आयुष्यभर फाउंड्रीत फिटर. घरी बजाज सुपर होती. तिच्यावर आम्ही चौघं बसायचो. मी पुढे उभा, अण्णा, मध्ये ताई, मागे आई. जयसिंगपूरला मामाकडे असेच जायचो. इंजिनाचं झाकण उघडल्यावर अण्णा वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आरं, ही तर आपली सुपर हाय. दोन इंजिनं शेजारी शेजारी बांधल्यात."

गाडीचा पिकअप तेव्हा जरा पडला होता. अण्णांनी सायलेन्सरमागे हात धरला, धुराचा दाब बघितला आणि म्हणाले, "चोकअप झालंय. कार्बन काढायला पायजे." इथल्या एका वर्कशॉपनं त्याच कामाला हात लावायला नकार दिला होता, एवढ्या जुन्या गाडीची जबाबदारी नको म्हणून. मग शनिवारी आम्ही दोघांनी हेड उतरवलं. एक्झॉस्टच्या भोकाभोवती काळा, कडक थर बसला होता. मी स्क्रूड्रायव्हर उचलला तसा अण्णांनी माझ्या हातातून काढून घेतला. ॲल्युमिनियमला चरा पडला की पुढच्या वेळी कार्बन तिथेच आधी धरतो. त्यांनी परसातल्या बांबूची एक चीप तासली, टोक छिन्नीसारखं केलं आणि पिस्टन खाली घेऊन भोकाच्या कडेनं सावकाश फिरवायला लागले. थर पापुद्र्यासारखा सुटत गेला. मग पिस्टनचा माथा, मग हेडची आतली वाटी. मध्येच थांबून भोकाची कड बोटानं चाचपायचे. डोळ्यांपेक्षा बोटावर त्यांचा विश्वास जास्त. सायलेन्सरसाठी त्यांना कॉस्टिक सोडा हवा होता. तो आणायला मेडिकलच्या दुकानात गेलो तर सही-शिक्का, ओळखपत्र सगळं द्यावं लागलं, आणि दुकानदारीणबाईंना कशासाठी हे समजावून सांगताना माझं जपानी पणाला लागलं. संध्याकाळी गाडी एका दमात चालू झाली. अण्णांनी हात पुसत नुसतं "हं" केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं अकागीला गेलो.

या गाडीची दारं मागच्या बाजूला बिजागरीवर असतात, पुढून उघडतात. चालत्या गाडीत दार सुटलं तर वारा ते भिरकावून देईल, म्हणून पुढे जगभर ही पद्धत मागे पडली आणि ते योग्यच झालं. पण साडी नेसलेल्या बाईला या दारातून आत शिरणं किती सोपं जातं ते मी त्या दिवशी पाहिलं. आई पाठमोरी होऊन सीटवर टेकली, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत घेतले. निऱ्या विस्कटल्या नाहीत, कुठे अडकल्या नाहीत. त्या काळी जपानी बायका किमोनो नेसून याच गाडीत बसत असणार. मागे आई आणि माझी बायको, पुढे मी आणि अण्णा. अण्णा पावणेसहा फूट आहेत. त्यांचं डोकं छपराला लागलं नाही. मागे वळून आईला विचारलं, गुडघे दुखतायत का. ती म्हणाली, "सुमोपेक्षा बरं हाय की." गावाकडच्या वडापच्या सुमोत दाटीवाटीनं बसायची सवय असलेल्या माणसाचं हे प्रमाणपत्र आहे आणि मी ते पूर्ण मानतो.

चढ लागल्यावर दुसऱ्या गिअरवर आलो. गाडीच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक वजन आम्हा चौघांचंच होतं. इंजिनाचा आवाज चढला, पंख्याची शीळ त्यात मिसळली. मागच्या गाड्यांना पुढे जाऊ देण्यासाठी जागा मिळेल तिथे कडेला घेत होतो. अण्णा सगळा वेळ कान मागे लावून बसले होते. मध्ये एका मोकळ्या जागी थांबून इंजिनाला श्वास घेऊ दिला. झाकण उघडं ठेवून चौघं उभे राहिलो तर एक वयस्क जोडपं आपली गाडी थांबवून खाली उतरलं. त्यांच्याकडेही होती म्हणे, लग्नाच्या वर्षी घेतलेली. बाई आईशी जपानीत बोलत होत्या, आई मराठीत. दोघी मागच्या सीटवर हात ठेवून आपापली मुलं कशी बसायची ते एकमेकींना दाखवत होत्या. त्यांचं मी काही भाषांतर केलं नाही. लागलंच नाही.

वर तळ्याकाठी अण्णांनी शंकररावांचा विषय काढला. आमच्या इचलकरंजीच्या लोकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. शंकरराव कुलकर्णी यांनी इचलकरंजीत स्वतःच्या बुद्धीनं छोटी मोटार बनवली होती, 'मीरा'. एकदाच नव्हे. स्वातंत्र्याच्या आसपास सुरू करून सत्तरच्या दशकापर्यंत ते एकामागून एक नमुने सुधारत राहिले. आधी दोघांची, नंतर कुटुंबाची. इंजिन मागे. सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी हेच त्यांच्याही डोक्यात होतं. परवाने, परवानग्या आणि भांडवल यांच्या फेऱ्यात तिचं कारखान्यातलं उत्पादन कधी सुरू झालंच नाही. अण्णांनी तरुणपणी ती रस्त्यावर पळताना पाहिली होती. "पळायची चांगली," ते म्हणाले. "लई हलकी होती."

मोमोसेंच्या पहिल्या गाडीचंही असंच झालं होतं. पण त्यांच्यामागे कंपनी उभी राहिली, सरकारनं छोट्या गाडीला करात सवलत देणारी चौकट आखून दिली, टायरवाले नवं टायर बनवायला तयार झाले. शंकररावांच्या मागे काय होतं? हा प्रश्न मला त्या तळ्याकाठी फार लागला आणि अजूनही लागतो. हुशारीत कुठे कमी होती असं मला वाटत नाही. पुढे पुण्यात टाटांनी नॅनो आखली. २००८ मध्ये ती लोकांसमोर आली. लांबी तीन मीटरच्या थोडी वर, दोन सिलेंडरचं इंजिन मागे, आत चार माणसं. स्कूटरवर बसलेलं कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून ती केली, असं रतन टाटांनी सांगितलं होतं. आम्हीच ते कुटुंब. नॅनो फार चालली नाही, २०१८ मध्ये बंद झाली. तिला 'सर्वात स्वस्त' असं म्हणत राहिले तिथेच तिचं नुकसान झालं, असं माझं मत आहे. सुबारू ३६० स्वस्त म्हणून कुणी घेतली नव्हती. पावणेतीन वर्षांचा पगार घालून घेतली, कारण ती खरीखुरी मोटार होती.

चुकीच्या ठिकाणी नेल्यावर हीच गाडी कशी हास्यास्पद ठरते, तेही घडलेलं आहे. १९६८ मध्ये माल्कम ब्रिकलिन या व्यापाऱ्यानं ती अमेरिकेत १,२९७ डॉलरला विकायला काढली. वजन हजार पौंडांच्या आत असल्यामुळे तिथले सुरक्षेचे नियम तिला लागू होत नव्हते. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'नं तिची चाचणी घेऊन 'अस्वीकारार्ह' असा शेरा मारला आणि विक्री कोलमडली. मोठमोठ्या मोटारींच्या महामार्गावर तिला सोडणं धोक्याचंच होतं. शेरा खरा होता, पण त्यावरून गाडीची कुवत ठरवू नये.

सुट्या भागांचं विचाराल तर पोलादी भाग मिळतात, लेथवर करूनही घेता येतात. जीव घेतात ती रबरं. दारांची, काचांची, क्रँकची सील. रबर गोदामात पडून राहिलं तरी मरतं, म्हणून 'न वापरलेला जुना माल' या लेबलावर भाळू नये. मालकांचे गट आहेत. त्यातले काही मिळून रबराचे साचे करून थोडी थोडी नवी रबरं काढतात. आपली गरज नसली तरी मी दर वेळी घेतो, म्हणजे पुढचा साचा निघतो. शेजारच्या ओइझुमीत ब्राझीलहून आलेले एक जपानी वंशाचे गृहस्थ छोटं मशीन शॉप चालवतात. सिलेंडर बोअर करायचं झालं तर मी त्यांच्याकडेच जातो. जपानच्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेनं २०१६ मध्ये या गाडीला यांत्रिक वारशाचा दर्जा दिला. ते छानच, पण वारसा म्हणून काचेमागे ठेवलेल्या गाडीचं क्रँक सील सुकतं. चालवली तरच ती धड राहते.

धुराचं मला वाईट वाटतं. टू-स्ट्रोक इंजिन ऑइल जाळतं, त्याला इलाज नाही. म्हणून मी ती एकट्यासाठी काढत नाही. ऑफिसला सायकलनं जातो. गाडी निघते ती सीटा भरल्या की.

आणि त्या भरतात. आजोबांनी लायसन्स परत केल्यापासून त्यांना आणि आजींना बाहेर पडायचं तर मुलाची सुट्टी लागते. महिन्याच्या बाजाराला, देवळाला, कधी नुसतं तोने नदीच्या बांधावरून फिरायला आम्ही चौघं जातो. आजोबा पुढे माझ्या शेजारी बसतात आणि मी गिअर टाकण्याआधी क्षणभर त्यांचा डावा पाय जमिनीवर दाबला जातो, क्लच असल्यासारखा. आजी मागे माझ्या बायकोला रेशमाचा ताणा कसा भरायचा ते शिकवतात. वही आता माझ्याकडे आहे आणि मी मराठीत लिहितो. आजोबांना ते चालतं, तारीख आणि आकडे कळले म्हणजे झालं. मार्चमध्ये पुन्हा तपासणी आहे. त्याआधी मागच्या उजव्या ब्रेकचा सिलेंडर उघडायचाय आणि डाव्या दाराचं रबर बदलायचंय. कपच्या वॉशर मिळाल्यात, रबर यायचंय. अण्णा रोज फोनवर विचारतात, आलं का.